व्हेल गल्पर २२० : गॅलीच्या तुंबणाऱ्या सिंकला पंप लावावा का?

शिडाच्या बोटीच्या गॅलीतलं, म्हणजे स्वयंपाकघरातलं, सिंक घरच्या सिंकसारखं दिसतं, साम्य तेवढंच. घरात सिंकखाली मोरीच्या पाइपाला हातभर तरी सरळ उतार मिळतो. बोटीत सिंकचा तळ आणि बाहेरच्या समुद्राची पातळी यांत वीतभर अंतर असतं. पाण्याला बाहेर ढकलणारा दाब म्हणजे ही वीत, दुसरं काही नाही. दहा-अकरा मीटरच्या बोटीवर पाण्याच्या टाक्या, डिझेल, शिधा असं ६००-७०० किलो वजन चढलं की बोट तीन-चार सेंटीमीटर खाली बसते आणि वीतही तेवढीच आखूड होते. बांधल्या दिवशी झरझर निचरा होणारं सिंक लांबच्या सफरीच्या आदल्या दिवशी का रेंगाळतं, त्याचं एक कारण हे.

यावर उपाय म्हणून नेहमी नाव निघतं ते व्हेल कंपनीच्या गल्पर २२० पंपाचं. कंपनी उत्तर आयर्लंडमधल्या बँगोरची, पंप डायफ्रामचा (रबरी पडदा मागेपुढे होऊन पाणी ढकलणारा), १२ आणि २४ व्होल्ट अशा दोन्ही प्रकारांत मिळणारा. मत आधीच सांगून टाकतो: पंप चांगला आहे. पण पुष्कळ बोटींवर तो अशा दुखण्यासाठी बसवला जातो, जे दोन मीटर नवीन होज आणि चार क्लिपांनी बरं झालं असतं. आणि जिथे खरंच लागतो, तिथे निम्म्या वेळा जोडणी चुकलेली असते.

आधी आकडे. गल्पर २२०ची कागदावरची क्षमता मिनिटाला १४ लिटर आहे. ही मोकळ्या तोंडाची क्षमता. उचल आणि होजची लांबी आली की कमी होते. आता ३८ बाय ३० सेंटीमीटरचं, १५ सेंटीमीटर खोल सिंक घ्या. काठोकाठ भरलं तर १७ लिटर, भांडी घासताना निम्मं म्हणजे आठ-साडेआठ. पंप ते पाऊण-एक मिनिटात रिकामं करेल. त्याच सिंकला २५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा, सव्वा मीटर लांबीचा, सलग उताराचा गुळगुळीत होज लावला आणि पातळीतला फरक २० सेंटीमीटर असला, तर जाळी, दोन वळणं, सीकॉक (बोटीच्या तळातलं भोक बंद करणारा व्हॉल्व्ह) या सगळ्यांचा अडथळा धरूनही हिशेबाने मिनिटाला सुमारे २५ लिटर जातात. म्हणजे नीट बसवलेला साधा उताराचा निचरा पंपापेक्षा वेगवान, शिवाय वीज शून्य आणि आवाज शून्य. होज १९ मिलिमीटरचा केला की तोच आकडा १४ लिटरवर येतो. पंपाची आणि बारीक होजची बरोबरी होते ती इथे.

म्हणून पंपाची ऑर्डर देण्याआधी अर्धा तास सिंकखाली डोकं घालणं फायद्याचं. सहा लिटर पाणी मोजून सिंकमध्ये घ्या, बूच काढा, घड्याळ लावा. वरच्या हिशेबाने १५ ते २० सेकंद लागायला हवेत. मिनिटाच्या वर गेलं तर काहीतरी अडलंय. मग सीकॉक बंद करून त्याच्यावरून होज काढा आणि बादलीत सोडा. होजमध्ये पाण्याच्या पातळीपर्यंत समुद्राचं पाणी उभं असतं, ते आधी बादलीत येईल, दचकू नका. पुन्हा सहा लिटर सोडा. इथे एक फसगत होते: बादली सीकॉकच्याही खाली असल्याने दाब वाढलेला असतो, त्यामुळे पाणी थोडं वेगात जाणारच. तेवढ्यावरून ‘होज ठीक आहे’ असा निष्कर्ष काढू नये. वेळ निम्म्याहून खाली आली पाहिजे. बादलीतही रेंगाळलं तर दोष होजमध्ये किंवा सिंकच्या तोंडाशी. बादलीत धो धो आलं तर दोष सीकॉकमध्ये किंवा बोटीच्या बाहेरच्या भोकात.

बाहेरच्या भोकाचा दोष आपल्याकडच्या कोमट पाण्यात फार. मुंबई बंदरात किंवा मांडवीच्या मुखाशी सीझनभर उभ्या असलेल्या बोटीच्या भोकाच्या आतल्या कडेला बार्नेकल, म्हणजे टणक कवचाचे चिकटून बसणारे समुद्री जीव, धरतात. बाहेरून ब्रश फिरतो, आत कुणी बघत नाही. २५ मिलिमीटरच्या भोकात चारी बाजूंनी चार-चार मिलिमीटर थर बसला की उरतो १७. क्षेत्रफळ निम्म्याहून कमी. पावसाळ्यासाठी बोट वर घेतली की सीकॉक उघडा ठेवून बाहेरून लाकडी दांडक्याने खरवडून काढावं. स्क्रूड्रायव्हर घालू नये, बॉल व्हॉल्व्हच्या बॉलवर चरा पडला की तो आयुष्यभर ठिबकतो.

होजचा दोष बहुतेकदा तीन प्रकारचा. पहिला, आतून वळ्या असलेला स्वस्त लवचिक पाइप. प्रत्येक वळीत चरबी आणि भाताची पेज बसते. आपल्या स्वयंपाकात तेलाचा त्रास वाटतो तेवढा नाही; कोकणच्या समुद्राचं पाणी बहुतेक काळ २५ अंशांच्या वर असतं आणि खोबरेल २४च्या आसपास पातळ होतं, त्यामुळे ते वाहून जातं. घट्ट बसतं ते तूप आणि वनस्पती तूप. त्यावर बेसन किंवा पिठाचं पाणी गेलं की गिलावा होतो. हीच बोट थंड समुद्रात गेली की खोबरेलसुद्धा होजमध्येच गोठतं.

दुसरा दोष झोळीचा. होज सिंकपासून निघतो, लॉकरच्या तळाला टेकतो, पुन्हा वर चढून सीकॉककडे जातो. झोळीत खरकटं साचतं आणि चढावाच्या माथ्यावर हवेचा फुगा अडकतो. ओळखायची खूण सोपी: पाणी बूच काढल्यावर क्षणभर ढिम्म उभं राहतं, मग गुडगुड आवाज करून एकदम ओसरतं. कधी तळहाताने दोनदा दाबलं की सुटतं. याला रसायन उपयोगी नाही, होज कापून आखूड करणं हाच इलाज. जोडसिंक असेल आणि दोन्ही ‘टी’ जोडाने मिळवलेली असतील तर एका सिंकचं पाणी दुसऱ्यात उसळतं. तिथे ‘वाय’ जोड घाला, त्याचे फाटे वाहण्याच्या दिशेने तिरपे असतात.

तिसरा दोष बघून हसू येतं, पण तो असतो. घरच्या प्लंबरने बसवलेल्या सिंकखाली घरचाच बॉटल ट्रॅप. घरात तो गटाराचा वास अडवतो. बोटीच्या पाइपाच्या दुसऱ्या टोकाला गटार नाही, समुद्र आहे. ट्रॅप अडवतो तो फक्त पाण्याला. काढून टाका.

सीकॉकच्या शेपटीकडेही, म्हणजे होज जिच्यावर चढतो त्या नळीकडेही, बघा. ‘२५चा’ म्हणून विकलेल्या शेपटीचा आतला व्यास अनेकदा २० ते २१ असतो. सगळा होज ३८चा केला आणि शेपटी तीच ठेवली तर पैसे वाया. सीकॉक बदलणारच असाल तर ब्राँझ किंवा संमिश्र प्लास्टिकचा घ्या. पितळी नको, खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त झिजतं, वरून तो धड दिसतो आणि एक दिवस हँडलसकट हातात येतो.

साफसफाईसाठी दोन लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, सीकॉक बंद करून अर्धा तास, मग उघडून भरपूर पाणी. उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसीचा होज शेपटीवर नरम पडून क्लिपखालून सरकतो. कॉस्टिकची मोरी साफ करायची पावडर तर बोटीवर आणूच नये: अ‍ॅल्युमिनियमला खाते, आणि न सुटलेला तुंबा काढायला होज उघडला की ते पाणी थेट तोंडावर येतं. बंद सीकॉकवर प्लंजर मारणं हाही होज निसटवायचा खात्रीचा मार्ग.

एवढं केल्यावरही सिंक हटून बसलं तर गल्परचा विषय सुरू होतो. कारणं खरी दोनच उरतात. एक म्हणजे सिंकचा तळ पाण्याच्या पातळीला भिडलेला. वजन भरलेल्या बोटीवर फरक सात-आठ सेंटीमीटरच्या खाली गेला की उताराचा निचरा लाटेच्या मर्जीवर चालतो. दुसरं म्हणजे कल. सिंक बोटीच्या मध्यरेषेपासून ८० सेंटीमीटर बाजूला असेल आणि बोट त्या बाजूला १५ अंश कलली, तर सिंक सुमारे २१ सेंटीमीटर खाली जातं. २० अंशांना २७. वीतभर दाबाचा हिशेब तिथेच संपतो, सिंक समुद्राच्या खाली जातं आणि पाणी उलटं वर येतं. मुंबईहून गोव्याला जाताना दुपारचा वायव्येचा वारा पाठीशी असतो, बोट फारशी कलत नाही, कुणाच्या लक्षात येत नाही. परतताना तोच वारा नाकावर. किनाऱ्याला धरून वर येणाऱ्या लांब टप्प्यात वारा डावीकडून, बोट उजवीकडे कललेली, आणि गॅली उजव्या बाजूला असेल तर तासन् तास सीकॉक बंद ठेवून बादलीत भांडी घासायची पाळी. अशा बोटीला पंप हवाच.

आता पंपाचं गुणगान, कारण ते रास्त आहे. एक डायफ्राम, पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या तोंडाला एकेक एकमार्गी रबरी व्हॉल्व्ह, डायफ्रामला मागेपुढे करणारी मोटर, एवढीच रचना. पाणी स्वतः ओढून घेतो, तीन मीटरपर्यंत, त्यामुळे सिंकच्या अगदी खालीच बसवायची सक्ती नाही. कोरडा चालला तरी जळत नाही. रबरी पंख्याचे पंप इथेच मार खातात: सिंक रिकामं झाल्यावर मिनिटभर चालू राहिले की पंखा करपला. आणि गल्परला आधी बारीक गाळणीची गरज नसते. शॉवरसाठी मिळणारे जाळीचे डबे गॅलीला लावतात त्यांना आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी वासानेच कळतं की खरकटं कुठे आहे.

‘गाळणीची गरज नाही’ हे मात्र शब्दशः घेऊ नये. व्हॉल्व्ह मऊ खरकटं गिळतो: भाताचं शीत, वरण, कांद्याचा तुकडा. त्याला न पचणाऱ्या वस्तू आपल्या कढईत रोज असतात. फोडणीतली मोहरी पहिल्या नंबरवर. दोन मिलिमीटरचा टणक गोल दाणा रबराच्या ओठांत बरोबर बसतो आणि व्हॉल्व्ह मिटत नाही. त्याखालोखाल कढीपत्त्याचा देठ, चिंचेची शीर, माशाचा काटा. यावर उत्तर म्हणजे सिंकच्या तोंडावर दीड मिलिमीटर छिद्रांची स्टीलची टोपली, आणि भांडं धुण्याआधी कागदाने पुसणं. टोपलीने निचरा थोडा मंदावतो, पंप ओढणारा असल्याने चालतं.

अडकलं की कुठे अडकलं, हे पंप न उघडता कळतं. बटण दाबल्यावर सिंकमधलं पाणी प्रत्येक ठोक्याला वर उसळत असेल तर आत येणारा व्हॉल्व्ह उघडा राहिलाय. पंप धडधडतोय, सिंक स्तब्ध, तर बाहेर जाणारा व्हॉल्व्ह, किंवा ओढीच्या बाजूला कुठे हवा शिरतेय. त्या बाजूच्या क्लिपा आधी आवळून पाहा; बाहेर पाणी न गळणारा जोड आत हवा घेऊ शकतो. मग पंपाचं डोकं उघडा. व्हॉल्व्ह काढण्यापूर्वी कोणता कुठल्या दिशेने आहे त्याचा फोटो घ्या. उलटा बसवला तर पंप निमूट चालतो आणि काहीच करत नाही.

जोडणी. होज १९ किंवा २५चा बसतो, २५चाच घ्या. ओढीच्या बाजूला तारेचं वेटोळं असलेला पण आतून गुळगुळीत होज हवा. साधा पारदर्शक पाइप इंजिनाशेजारच्या उष्णतेत मऊ होऊन ओढीने चपटा होतो. क्लिपा ३१६ स्टीलच्या, पाण्याच्या पातळीखालच्या शेपटीवर जागा असेल तर दोन-दोन.

सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढे: पंपाचं पाणी कुठे सोडायचं. सोपी वाटणारी जोडणी अशी असते की सिंकच्या होजला मध्ये ‘टी’ टाकून पंप लावायचा आणि पंपाचा बाहेरचा होज खाली त्याच सीकॉकला पुन्हा मिळवायचा. बटण दाबलं की पंप पाणी खाली ढकलतो, ते उघड्या उताराच्या होजमधून वर येतं आणि सिंकमध्ये परत. नुसतं गोल गोल. बरोबर मांडणी ही: सिंकखाली तीन तोंडांचा बदलीचा व्हॉल्व्ह, एक फाटा सरळ जुन्या सीकॉकला, दुसरा पंपाला, आणि पंपाचं पाणी वेगळ्या भोकाने, पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर, शक्यतो गॅलीच्या विरुद्ध बाजूला किंवा मागे. नांगरावर उतार वापरा, कलल्यावर पंप.

नवं भोक पाडायचं नसेल आणि पंप जुन्याच सीकॉकला द्यायचा असेल तर उताराचा मार्ग कायमचा सोडावा लागतो. मग बाहेर जाणारा होज काउंटरच्या खालपर्यंत उंच नेऊन त्याच्या माथ्यावर हवेचा व्हॉल्व्ह असलेला गळा (उलट्या ‘यू’ आकाराचं वळण) बसवा, तोही मध्यरेषेच्या जितका जवळ तितका बरा, म्हणजे कलल्यावर बुडत नाही. ‘पंपात एकमार्गी व्हॉल्व्ह आहेतच की’ हा युक्तिवाद इथे धोक्याचा. एक मोहरी दोन ओठांत बसली की तो एकमार्गी राहत नाही. माणसं झोपलेली आणि समुद्र सायफनने सिंकमध्ये, सिंकमधून केबिनमध्ये.

विजेचं काम किरकोळ आहे, पण आळशीपणाने बिघडतं. १२ व्होल्टवर प्रवाह चार अँपिअरच्या आतबाहेर धरा. फ्यूज सोबतच्या पत्रकात लिहिलाय तोच घाला, ‘होता तो’ नको. जाऊन-येऊन सहा मीटर अंतराला अडीच चौरस मिलिमीटरची कथील चढवलेली तार पुरते, व्होल्टेजची घट पाव व्होल्टच्या आत राहते. साधी तांब्याची तार सिंकखालच्या दमट लॉकरमध्ये वर्ष-दोन वर्षांत हिरवी पडते. बटण दाबून धरायचं, सोडलं की बंद होणारं. कोरडा चालला तर पंप मरत नाही हे खरं, पण रात्रभर विसरला तर बॅटरी मरते.

तक्रारी दोन. आवाज: पातळ प्लायवर बसवला तर धप् धप् असा ढोलासारखा वाजतो आणि शेजारच्या केबिनमध्ये झोपलेला उठतो. जाड फळीवर, रबरी पायांवर बसवा. होजही पार्टिशनला घासू देऊ नका. दुसरी तक्रार वेगाची. रुंद सिंकात भांड्यांचा ढीग असेल तर पंपाची धार जेमतेम वाटते. मोठा गल्पर ३२० आहे, पण एका सिंकासाठी तो अवजड. जोडसिंक असेल तरच विचार करावा.

किमतीबाबत एवढंच: भारतात तो सहसा बाहेरूनच मागवावा लागतो, तेव्हा आयात शुल्क धरून बजेट करा आणि त्याच पार्सलमध्ये डायफ्राम आणि दोन व्हॉल्व्हचा सर्व्हिस किट मागवा. एकट्या किटसाठी नंतर पुन्हा तेवढंच पार्सल भाडं पडतं. व्होल्टेजचं लेबल पैसे देण्याआधी वाचा. १२चा पंप २४च्या बोटीवर लावणारे असतात.

मध्यरेषेजवळ सिंक आणि पातळीपेक्षा १५ सेंटीमीटर वर तळ असेल तर पंप घेऊ नका, होज बदला. सिंक कडेला असेल आणि बोट खरोखर शिडावर चालवत असाल तर घ्या, वर सांगितलेल्या तीन तोंडांच्या व्हॉल्व्हसकट. पंप असला तरी कलत्या बोटीवर सिंकचा उताराचा सीकॉक बंदच ठेवायचा. त्याचं हँडल लॉकरच्या मागच्या कोपऱ्यात हात न पोचणाऱ्या जागी असेल, तर पंपाआधी ते पुढे आणून घ्या.